साखर पोचली

४ मे

पोचलो. ट्रकमधून आधी सिमेंट उतरलं, मग गाथोनी, मग मी. गाथोनी म्हणाली, "बायकोच्या आधी पोती उतरवणारा नवरा देवानं एकच घडवला असेल, आणि तोही माझ्याच वाट्याला." मी म्हटलं, सिमेंटला दव लागलं की त्याचा दगड होतो, तुला काय होणार आहे? दोन दिवस एका जागी बसून तिचे पाय सुजलेत. माझे जुने बूट घालून उतरली, नाड्या न बांधता. घ्यायला आलेल्या बायका बुटांकडं बघून हसल्या, तीही हसली. म्हणजे सुरुवात बरी झाली.

नाकुरूच्या आमच्या मंडळीनं आम्हा दोघांना दोन वर्षांसाठी इथं, इगोवेलेला पाठवलंय. मिशनचा दवाखाना अर्धा उभा आहे, तो पुरा करायचा. पगार नाही, राहायला घर आणि पोटाला बटाटे. निरोपाच्या दिवशी मी वेदीपुढं उभा राहून शब्द दिला की याच वर्षी पहिल्या ऑगस्टला बिशपसाहेबांनी येऊन फीत कापावी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गाथोनीनं नाही. म्हणाली, माझ्या हातात पर्स होती.

केनियातून टांझानियात येणं, याला परदेश म्हणायचं तर म्हणा. भाषा तीच, मक्याच्या पिठाचा उगाली तोच. फक्त ही माणसं नमस्कारालाच इतका वेळ घेतात, की तेवढ्यात माझी अर्धी भिंत वर येते.

७ मे

मुकादमाचं नाव लुवांडा. चाळिशीचा, काटक, हात चांगला आहे, घड्याळ वाईट आहे.

मी म्हटलं, "सातला म्हणजे सातला."

"सात वाजतात, बाबा. पण धुकं सातला उठत नाही."

"धुक्याला मी कामावर ठेवलेलं नाही."

गवंडी खो खो हसले. लुवांडाही हसला. मला माणसं हसवून कामाला लावता येतात, ही माझी जुनी विद्या. चौदाव्या वर्षी डोक्यावर घमेलं घेतलं, तेव्हापासून शिकलेली. पुढं चाळीस माणसं हाताखाली होती आणि नाकुरूच्या हमरस्त्यावर हार्डवेअरचं दुकान. आता ते पोरं बघतात. मी दुकानात गेलो की पोरं म्हणतात, बाबा, तुम्ही बसा ना निवांत. कधी कधी शंका येते, की मी देवाच्या हाकेला ओ देऊन आलो की पोरांनी गल्ल्यावर बसू दिलं नाही म्हणून. गाथोनीला विचारलं. म्हणाली, "दोन्ही. देव काय, मिळेल त्या दारानं माणूस बाहेर काढतो."

१२ मे

सकाळी परांचीवर मी एकटा. खाली कालवलेला माल नाही, माणूस नाही. मिशनचे पाळक न्यागावा सायकलवरून आले. गावात कुणी म्हातारी वारली.

"तिच्या घरचे सोडून बाकीचे कुठायत?"

"सगळे तिकडंच. मयत आहे ना."

"उद्या येतील?"

पाळकसाहेब जरा वेळ सायकलची घंटी पुसत राहिले. "पुरून झाल्यावर दोन दिवस बसतात. तोवर इथं जमिनीला कुदळ लावत नाहीत, कबरीची सोडून. तुम्हीही याच, बाबा."

आमच्याकडं मयत म्हणजे कमिटी. कमिटी नावं घेते, कुणी काय पाठवलं ते माइकवरून वाचते. ज्याला पाठवायला काही नाही, तो बिचारा जाऊन बसतो. मी नुसता बसून राहिलो तर त्यांनाच लाज वाटेल. मिशनच्या कोठीतलं नाही, माझं स्वतःचं साखरेचं पोतं आणि तांदूळ ट्रकमागून आलेल्या माझ्या पिक-अपमधून धाडले. गाथोनी मात्र गेली. दोन रात्री तिथंच बायकांबरोबर चटईवर झोपली.

१५ मे

गाथोनी आली ती भात्यासारखी श्वास घेत. म्हणाली, चुलीचा धूर. बायका जमिनीवर दाटीवाटीनं झोपतात, वर धुराडं नाही. मी बजावलं, पुन्हा जायचं नाही. या थंडीत जमिनीवर झोपून न्यूमोनिया घेशील.

"एझेकिएल, तिथं बसल्याशिवाय या लोकांना आपण कळणार नाही."

"दवाखाना उभा राहिला की कळू."

२२ मे

माझे कान अजून शाबूत आहेत, देवाची कृपा. चहाच्या टपरीमागं वासे मोजत होतो. आत दोघं बोलत होते.

"तो नाही आला, त्याची साखर आली."

"गोड मयत झाली म्हण ना."

"म्हातारीला डायबिटीस होता, ती काही उठून बसली नाही!"

मग दोघं टेबल बडवून हसले. एकूण साखर पोचली, आणि गावभर झाली. आता पोरं मला रस्त्यात 'साखरबाबा' म्हणून हाक मारतात. परक्या गावात तीन आठवड्यांत लाडाचं नाव मिळवणं सगळ्यांना जमत नाही. गाथोनीला सांगितलं. तिनं नुसतं बघितलं आणि चहा गाळत राहिली.

३ जून

परत मयत. या वेळी शाळेच्या मास्तरचा भाऊ, न्जोंबेच्या रस्त्यावर ट्रकखाली. पोर तिशीचं. वाईट झालं. प्रेत आणायला मी माझी पिक-अप दिली, डिझेल भरून.

पण भिंती छताच्या कैच्यांच्या उंचीला आल्यात, इथं चार दिवस थांबून कसं चालेल? सगळ्यांना ओळीनं उभं केलं आणि सांगितलं, ज्याच्या घरची मयत त्याला सुट्टी, खड्डा खणणाऱ्यांना सुट्टी. बाकीच्यांनी यायचं. मयत असली तरी काम थांबत नाही. जो येणार नाही त्याच्या जागी दुसरा उभा आहे.

लुवांडा म्हणाला, "इथं सगळे घरचेच आहेत, बाबा."

"मग सगळ्यांनीच घरी बसा कायमचं."

आले. दिवसभर कुणी शब्द बोललं नाही. इतकं शांत आणि सरळ काम मी नाकुरूतही करून घेतलेलं नाही. माणसाला शिस्त आवडते, फक्त कुणी लावली नाही तर तो मागत नाही.

दुपारी शेजारची तुलिझोची आई आली. बटाटे विकते. जीभ अशी, की बटाटे सोलून निघावेत.

"गाथोनीताईला न्यायला आलेय. दोघी जाऊन येतो."

"तिला गवंड्यांचा स्वयंपाक आहे."

"गवंड्यांच्या घशाखाली आज काही उतरायचं नाही, साखरबाबा. तुम्ही खा सगळं."

गाथोनी उंबऱ्यात उभी होती, डोक्याला रुमाल बांधून, निघायच्या तयारीत. मी घेवड्याच्या पातेल्याकडं बघितलं. तिनं रुमाल सोडला.

१२ जून

हाडात शिरणारी थंडी. सकाळी पाण्याच्या पिंपावर बर्फाचा पापुद्रा होता.

गाथोनीनं नवी रीत काढलीय. रात्री उशा रचून भिंतीला टेकून बसून झोपते. का, तर म्हणे पहाटे प्रार्थनेला जाग यावी म्हणून. इथं आल्यापासून तिची भक्ती वाढलीय, हे मात्र खरं. दिवसाही कधी बघावं तर दगडावर बसलेली, डोळे मिटून.

आणि मैत्रिणीही झाल्यात. झऱ्यावर पाण्याला गेली की लवकर परत म्हणून येत नाही. मी परांचीवरून ओरडतो, "गाथोनी, चहा!" खालून आवाज येतो, "आले, आले." पण येत नाही. बायकांच्या गप्पा कुठल्याही देशात सारख्याच. आताशा तर अर्ध्या वेळेला तुलिझोची आईच आमची बादली आणून ठेवते. मी म्हटलं, राणीसाहेबांना मोलकरीण मिळाली. तुलिझोची आई म्हणाली, "मिळाली तर. तुम्ही वरून काय काय बघता हो दिवसभर?"

"ओळंबा," मी म्हटलं. "सूत सरळ आहे का ते."

"हं. सूत सरळ आहे."

२३ जून

काडुमाचा धाकटा भाऊ गेला. काडुमा म्हणजे आमच्या वाडीचा म्होरक्या, दहा घरांचा कारभार त्याच्याकडं. तेव्हा मी हात आखडला नाही. पेटीला रंधा मारलेल्या सायप्रसच्या फळ्या दिल्या, कबरीवर घालायला सिमेंट दिलं. दवाखान्यातलं नव्हे, माझ्या घरासाठी आणलेलं.

सकाळी गाथोनी म्हणाली, "आज तरी जा. बाकी काही नको नेऊ, हात हलवत जा."

"आज कैच्या चढतायत. वीस माणसं दोर धरून उभी असताना मी चटईवर जाऊन बसू? तू जा हवं तर."

तिनं दारातून चढाकडं बघितलं. मग म्हणाली, "काडुमाचं घर वरच्या अंगाला आहे."

"बघ. तुलाही कंटाळा आलाच ना."

ती चुलीकडं वळली. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. का ते कळत नाही. कैच्या मात्र संध्याकाळच्या आत सगळ्या बसल्या, एकही तसूभर वाकडी नाही.

४ जुलै

हे लिहायला हात वळत नाही.

पत्र्यांची पहिली रांग ठोकत होतो. खालून तुलिझोची आई ओरडायला लागली, "बाबा, खाली या!" मी म्हटलं, एवढा पत्रा ठोकून येतो, अर्धवट सोडला तर वाऱ्यानं उडेल. ठोकला. उतरलो तर गाथोनी झऱ्याच्या वाटेवर आडवी, डोकं तुलिझोच्या आईच्या मांडीवर, ओठ जांभळे.

पिक-अपनं जिल्ह्याच्या हॉस्पिटलात आणलं. डॉक्टर पोरसवदा आहेत, पण बोलणं मोठ्या माणसाचं. पावलावर अंगठा दाबला, तर तिथं खळगा तसाच राहिला.

"चढताना धाप कधीपासून लागते?"

"धाप?" मी म्हटलं. "नाही लागत."

डॉक्टरांनी गाथोनीकडं बघितलं. गाथोनी खिडकीकडं बघत होती.

"हृदय थकलंय," ते म्हणाले. "आजचं नाही हे. बरंच जुनं आहे."

७ जुलै

आज जरा बोलली. म्हणाली, काही झालं तर इथंच पुरा. सीमेवरच्या नाक्यावर पेटी उतरवून शिपाई तपासणार, असलं काही नको. मी म्हटलं, बावळटासारखं बोलू नकोस, पहिल्या ऑगस्टला फीत धरायला तूच उभी राहणार आहेस. म्हणाली, "त्या दिवशी टाळ्या वाजवीन. पर्स नेणार नाही."

मी विचारलं, आधी का नाही सांगितलंस? निघायच्या आधी?

"तू इतका खूश होतास," ती म्हणाली.

८ जुलै

पहाटे गेली.

दुपारी घेऊन आलो. वाटभर मनात हिशोब चालला होता, अंगणात कुठं मांडव, कुठं चुली. शे-दीडशे माणूस तरी येईल, माझ्या साखरेचा चहा न प्यालेलं घर इथं नाही.

अंगण रिकामं. एक कोंबडी फिरत होती.

पाळकसाहेब आणि मी, दोघांनी मिळून तिला आत नेलं. वाट बघितली. वाटेवरून माणसं जात होती, दारासमोर आली की टोपी काढत होती आणि पुढं जात होती. मला वाटलं बटाटे काढायचे दिवस आहेत, सवडीनं येतील. ऊन कलंडलं तरी आत फक्त पाळकसाहेब. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "बाबा, मी खूप सांगितलं सगळ्यांना. मी एकटा आहे."

मागच्या दारानं तुलिझोची आई आली, चादरीत तोंड झाकून. गरम पाणी मागितलं, मला बाहेर काढलं, गाथोनीला न्हाऊ घातलं, कपडे नेसवले. डोळे लाल झाले होते. जाताना म्हणाली, "मी आले नव्हते. कुणी विचारलं तर तुम्हीच केलं सगळं. कळलं?"

तसाच उठून काडुमाकडं गेलो. म्हातारा अंगणात बटाटे निवडत होता. उठला नाही.

"काडुमाबाबा, माझी बायको गेली."

"कळलं. प्रभू तिला विसावा देवो."

"घरी कुणी आलं नाही."

"हं."

"मी या गावाला काय कमी केलं? तुमच्या भावाच्या पेटीच्या फळ्या माझ्या. कबरीचं सिमेंट माझं. मास्तरच्या भावाला माझ्या गाडीतून आणलं."

"फळ्या चांगल्या होत्या. गाडीही आली होती, हॉर्न छान आहे तिचा. आम्ही आत डोकावून बघितलं, तुम्ही नव्हता."

"माझी साखर..."

"प्यायलो ना. गोड होती. पण माझा भाऊ गेला तेव्हा ती साखर काही माझ्याशेजारी चटईवर बसली नाही."

मी म्हटलं, "दंड असेल तर तोंडानं सांगा. गाय? दोन गाई?"

म्हातारा पहिल्यांदा हसला. आत बघून म्हणाला, "ऐकलंस का गं, भाव विचारतायत."

"मग मी करू काय?"

"काही नाही. घरी जा. ज्याच्या घरात मयत आहे तो गावभर हिंडत नाही, त्यानं बसायचं असतं."

"मी बसलो तर खणणार कोण?"

"हेच," म्हातारा म्हणाला. "आम्ही बसलो की आम्हालाही हाच प्रश्न पडतो. म्हणून तर एकमेकांकडं जातो."

"गाथोनीनं तुमचं काय वाईट केलं होतं?"

त्यानं हातातला बटाटा खाली ठेवला. "तिच्यासाठी घरोघर पोरी रडतायत. पण मयत एकट्या माणसाची नसते, घराची असते. तुमचं घर आलं नाही."

केनियाच्या माणसांबद्दल या म्हाताऱ्याच्या मनात आकस आहे. दुसरं काय असणार?

९ जुलै

सातला उठून दार उघडलं तर लुवांडा दारात, टोपी हातात. मागं सगळे गवंडी, सगळे बिगारी. मला हुंदका आला. वाटलं, आले. रात्रीत यांना पाझर फुटला.

लुवांडा म्हणाला, "बाबा, पत्र्यांची दुसरी रांग घेऊ ना?"

मला कळेना. "आज?"

"मयत असली तरी काम थांबत नाही. तुम्हीच सांगितलंय."

आवाजात कुत्सितपणा असता तर मी त्याच्या थोबाडीत मारली असती. नव्हता. मुकादम मालकाला विचारतो तसं विचारलं आणि उभा राहिला. इतक्या दिवसांत ही माणसं एकदाही सातला आली नव्हती. आज एकूण एक आला होता.

मी काय बोललो आठवत नाही. बहुतेक मान हलवली. ते परांचीवर चढले.

मग मी सूत घेतलं, खुंट्या घेतल्या, पहार आणि फावडं घेतलं, आणि घरामागं निलगिरीच्या कडेला जागा आखली. खणायचं मला नवं नाही. वर मुरूम लागला, खाली चिकणमाती. पाळकसाहेब धावत आले.

"बाबा, नवऱ्यानं खणू नये! असं कुठं करत नाहीत."

"मग तुम्ही खणा."

त्यांनी कोट काढला आणि खणायला लागले बिचारे. हाताला फोड येऊन फुटले तरी थांबेनात, मीच बाहेर काढलं आणि आत गाथोनीपाशी बसायला पाठवलं. वर पत्र्यावर हातोडे पडत होते. पत्र्याचा आवाज फार मोठा, आत पाळकसाहेब स्तोत्र म्हणत होते ते मला ऐकू येईना. थोड्या वेळानं ध्यानात आलं, मी दम खायला थांबलो की वरचे हातोडे थांबतात. मी फावडं मारलं की पुन्हा सुरू होतात. वीस माणसं वरून बघत होती. मी वर बघितलं नाही.

छातीएवढा खड्डा झाला तेव्हा हातोडे थांबले. मी थांबलो नव्हतो, तरी थांबले. माणसं उतरल्याचा आवाज आला, पिंपापाशी हात धुतल्याचा आवाज आला. आता घरी जातील म्हटलं. वर कडेला लुवांडाचे पाय दिसले.

"बाबा, वर या."

"अजून झालं नाही."

"कामाची वेळ संपली. आता ही आमची वेळ आहे."

त्यानं हात दिला. मी तो धरला नाही, मला धरवेना, बोटं फावड्यालाच वळली होती. मग दोघं आत उतरले आणि मला काखेत धरून वर काढलं, एखादं पोतं काढावं तसं. काडुमा खांद्यावर कुदळ टाकून उभा होता. त्यानं वाकून चारी कोपरे बघितले.

"इतकी चौकोनी कबर मी बघितली नाही," तो म्हणाला. "अहो, माणूस झोपवायचाय, कपाट नाही ठेवायचं."

कुणीतरी हसलं. मग लुवांडाही हसला. काही जण आत उतरले आणि बाकीचे मला खड्डा दिसू नये असे कडं करून उभे राहिले.

अंगणात बायका सरपण टाकत होत्या. जाळ पेटला. तुलिझोची आई पुढच्या दारानं आली, सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं रडत, जणू आत्ताच कळलं. कुणी चटई टाकली आणि मला तिच्यावर बसवलं. कोठीतून साखर काढून द्यावी म्हणून उठलो, तर काडुमानं खांदा दाबून खाली बसवलं.

"बसा. साखर आमच्याकडं आहे."

११ जुलै

काल पुरली. इतकी माणसं होती, की पाळकसाहेबांना माती टाकणाऱ्यांची रांग धरावी लागली.

नंतर जेवणं झाली आणि एकदम अंगणात हसण्याचा फवारा उडाला. मी दचकलो. पाळकसाहेब कानाशी म्हणाले, "रागवू नका. इथं शेजारच्या खोऱ्यातली माणसं थट्टेच्या नात्याची असतात. पुरून आलं की ती मेलेल्याची नक्कल करतात. नाही केली तर घरच्यांचं रडणं आत अडकून राहतं, असं म्हणतात. तुमचं इथं कुणी नाही, म्हणून सेकेला स्वतः आली."

सेकेला म्हणजे चांगली धिप्पाड बाई, पलीकडच्या खोऱ्यातून झऱ्यावर पाण्याला येणारी. तिनं आधी मलाच घेतलं. उखळावर चढली, हातात लाटणं घेतलं, आणि आकाशाकडं तोंड करून गरजली, "सातला म्हणजे सातला! ए धुक्या, ऊठ!" लुवांडा जमिनीवर लोळायचा बाकी राहिला. खरं सांगतो, मलाही हसू आलं.

मग तिनं गाथोनीचा निळा रुमाल बांधला, आमची बादली घेतली आणि झऱ्याकडं उतरली. खालून वर यायला लागली. एवढी जाड बाई, पण खांदे आत घेतले, मान जरा कलती केली आणि ती गाथोनीच झाली. पोरं ओरडली, "तश्शीच! अगदी तश्शीच!"

चार पावलं टाकली आणि थांबली. बादली ठेवली. निलगिरीला हात लावला. तोंड उघडं, छाती वरखाली. मग हळूच मान काढून झाडाआडून वर बघितलं, दवाखान्याच्या छताकडं. उखळावर चढलेल्या एका पोरानं लाटणं हलवत हाक मारली, "गाथोनी, चहा!" तिनं झटक्यात रुमाल सारखा केला, तोंडावर हसू आणलं, "आले, आले!" म्हणाली आणि उघड्यावरची वाट टुणटुणीत चालून आली, बादली हलकी असल्यासारखी. कोपरा वळून कुडाच्या आड आली आणि बसली. दगडावर, डोळे मिटून, दोन्ही हात गुडघ्यांवर. बराच वेळ उठलीच नाही.

लोक हसून हसून डोळे पुसत होते. मग पुसतच राहिले. तुलिझोच्या आईनं पदरात तोंड घातलं. लहान पोरांपासून काडुमापर्यंत सगळ्यांना ती चाल पाठ होती. कुठल्या झाडाशी थांबायची, कुठल्या दगडावर बसायची, सगळं.

छतावरून ती वाट पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसते. मध्ये एक झाड सोडलं तर काहीही आड येत नाही.

सेकेलानं रुमाल सोडून माझ्यापुढं धरला. नक्कल झाली की घरच्यानं काहीतरी देऊन वस्तू सोडवून घ्यायची, अशी रीत आहे. पाळकसाहेब म्हणाले, "द्या काहीतरी, आणि रुमाल घ्या."

मी रुमाल घेतला नाही.

"बाई," मी म्हणालो, "पुन्हा एकदा करून दाखवा. सावकाश. अगदी खालपासून."

सेकेलानं काडुमाकडं बघितलं. म्हाताऱ्यानं मान हलवली. तिनं रुमाल परत डोक्याला बांधला, बादली उचलली आणि वाट उतरायला लागली. मी चटईवर वळून, वाटेकडं तोंड आणि दवाखान्याकडं पाठ करून बसलो.